घरच्या व्हिडिओसाठी छोटा एचडी कॅमकॉर्डर कसा निवडावा आणि कसा वापरावा

खिशातला फोन उत्तम चित्रीकरण करत असताना वेगळा कॅमकॉर्डर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. दोन-तीन मिनिटांच्या क्लिपा काढून लगेच नातेवाइकांना पाठवायच्या असतील, तर कशालाच नको. साध्या क्लिपांचं काम फोनने कधीच हिसकावून घेतलं. खिशात मावणारे ‘फ्लिप’ कॅमेरे बनवणारी कंपनी सिस्कोने २००९ मध्ये विकत घेतली आणि २०११ मध्ये तो व्यवसाय बंदही केला, यावरून काय ते समजा.

पण मुलांचं दीड तासाचं नाटक मागच्या रांगेतून टिपायचं असेल, किंवा आजीला तासभर समोर बसवून तिच्या लहानपणाबद्दल बोलतं करायचं असेल, तर फोनची दमछाक होते. तो तापतो, बॅटरी उतरते, जागा संपते, मध्येच कोणाचा तरी कॉल येतो आणि फार झूम केलं की चेहरे ओळखू येत नाहीत. फोटोसाठी बनवलेल्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत तर सलग चित्रीकरण २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबायचं. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग चित्रीकरण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेऱ्याचं जादा आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्या एक सेकंद आधीच हात आखडता घ्यायच्या. कॅमकॉर्डरला ही अट नसते. कार्ड आणि बॅटरी पुरेल तोवर तो चालतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरचे व्हिडिओ वर्षांनंतर पाहताना कोणी पिक्सेल मोजत नाही. कोण काय बोललं, कसं हसलं, हे सगळे कान देऊन ऐकतात. म्हणून पुढे आवाजाला झुकतं माप दिलं आहे, आणि ते मुद्दाम.

१. आधी जागा ठरवा, मग कॅमेरा

आपलं बहुतेक चित्रीकरण कुठे होणार आहे? घरातल्या खोल्यांत, सभागृहात, की मैदानावर? खोलीत रुंद दृश्य आणि कमी उजेडातही नीट दिसणं महत्त्वाचं. सभागृहात झूम आणि स्टँड लागतो. मैदानावर स्थिरता हवी आणि वाऱ्याचा बंदोबस्त हवा. तिन्हींत सारखाच सरस असलेला छोटा कॅमेरा मिळणं कठीण, त्यामुळे आपलं काय जास्त आहे ते आधी स्वतःशी पक्कं करा.

२. खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

सर्वांत मोठ्या अक्षरांत झूम छापलेलं असतं, आणि त्यातला मोठा आकडा बहुधा डिजिटल झूमचा असतो. तो विसरून जा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं. ते नंतर संगणकावरही करता येतं. पाहायचं ते ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सच्या भिंगांनी होणारं. घरगुती कामाला १० ते २० पट पुष्कळ झालं.

झूमपेक्षा मी आधी उलट टोक तपासतो: लेन्स किती रुंद दिसू देते? माहितीपत्रकात ‘३५ मिमीच्या तुलनेत’ असा आकडा असतो. तो ३० किंवा त्याहून कमी असेल तर छोट्या खोलीतही सगळी मंडळी चौकटीत बसतात. जुन्या बऱ्याच मॉडेलांत तो ४० च्या आसपास किंवा वर असायचा; अशा कॅमेऱ्याने खोलीतलं दृश्य घ्यायचं तर पाठ भिंतीला टेकते, तरी दोघं बाहेरच राहतात.

सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागे चित्र टिपणारी चिप. तिचा आकार हा कमी उजेडाचा प्रश्न आहे. लहान कॅमकॉर्डरांत १/५.८ इंचापासून १/२.३ इंचापर्यंतचे सेन्सर आढळतात, महागड्यांत ‘१ इंची’. मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, म्हणून संध्याकाळी दिव्याखाली चित्रात रवाळ ठिपके कमी येतात. घेण्यापूर्वी कॅमेरा हातात मिळाला, तर झगझगीत उजेडात नको, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवून पाहा.

हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय ऑप्टिकल असावी. निव्वळ इलेक्ट्रॉनिक असेल तर ती चित्राच्या कडा कापून काम भागवते, आणि लेन्सचा रुंदपणा तेवढा कमी होतो.

आता मुख्य गोष्ट: बाहेरचा माइक जोडायला ३.५ मिमीचा जॅक आहे का? आणि हेडफोनचा? स्वस्त मॉडेलांतून सर्वांत आधी हेच दोन गायब होतात. दोन कॅमेऱ्यांपैकी एकात झूम जास्त आणि दुसऱ्यात माइकचा जॅक असेल, तर मी डोळे झाकून दुसरा घेईन.

जुना कॅमेरा घेत असाल तर तो रेकॉर्ड कशावर करतो ते विचारा. टेपवर करत असेल तर टेप संगणकात उतरवायला फायरवायर नावाची जुनी जोडणी लागते, जी आजच्या संगणकांवर नसते. काहींत आतच हार्ड डिस्क असते. ती धक्क्याने बिघडते, शिवाय तिचं माहिती वाचणारं-लिहिणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असल्याने ३००० मीटरच्या वर विरळ हवेत असा कॅमेरा चालेल याचा भरवसा नाही. कार्डवर रेकॉर्ड करणाराच बरा.

३. रिझोल्यूशन, फ्रेम आणि ‘आय’-‘पी’चा घोळ

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, आणि घरच्या व्हिडिओला ते आजही पुरतं. १२८० × ७२० हेही एचडीच, पण नवीन घेताना त्यावर थांबू नका. फोर-के, म्हणजे ३८४० × २१६०, मिळत असेल तर घ्या, मात्र ते साठवायची आणि संपादन करायची तयारी ठेवा.

१०८०च्या पुढचं अक्षर नीट पाहा. ‘पी’ म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण चित्र. ‘आय’ म्हणजे एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुन्या टीव्हीवर ते खपून जायचं. संगणकावर धावत्या मुलाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. मेनूत १०८०पी असेल तर तेच निवडा.

फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो विजेशी जुळवा. वीज ५० हर्ट्झची असेल तर २५ किंवा ५० फ्रेम, ६० हर्ट्झची असेल तर ३० किंवा ६०. हे जुळलं नाही तर काही ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. बऱ्याच कॅमकॉर्डरांत हा वेग बदलताच येत नाही, तेव्हा परदेशातून कोणी आणून देणार असेल तर आधी विचारून घ्या. फसगत झालीच, तर शटरचा वेग हाताने १/५० किंवा १/१०० सेकंदावर लावला की ५० हर्ट्झच्या दिव्यांचं लुकलुकणं बरंच आटोक्यात येतं.

४. कार्ड आणि बॅटरी

सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला, व्हिडिओ साठवण्याचा एव्हीसीएचडी हा प्रकार बहुतेक एचडी कॅमकॉर्डरांत सापडेल. नव्यांत एमपी४ ही असतं. कार्ड किती मोठं हवं याचा हिशेब सोपा आहे. बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट साठतात त्या आकड्याला, ८ ने भागा. सेकंदाला २४ मेगाबिट म्हणजे ३ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे १०.८ गिगाबाइट. ३२ जीबीच्या कार्डात पावणेतीन-तीन तास बसतात. एवढ्या वेगाला ‘क्लास १०’चं कार्ड भरपूर झालं, कारण ते किमान १० मेगाबाइटची हमी देतं. १०० मेगाबिटच्या फोर-केला मात्र तासाला ४५ गिगाबाइट लागतात. तिथे यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्या. मी एका प्रचंड कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं पसंत करतो. एक बिघडलं तर सगळंच बुडत नाही.

सोबत येणारी बॅटरी बहुधा लहान असते. दुसरी, मोठी घ्या. कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात राहणार असेल तर बॅटरी अर्धवट चार्ज करून, काढून, थंड जागी ठेवा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली की लवकर म्हातारी होते.

५. पहिल्या दिवशीची मांडणी

तारीख आणि वेळ लावा. क्षुल्लक वाटतं, पण दहा वर्षांनी ‘हे कुठल्या वर्षीचं?’ या वादावर तोच एक पुरावा असतो. सर्वोच्च दर्जाचा मोड निवडा, डिजिटल झूम बंद करा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. बाकी सगळं सुरुवातीला ऑटोवर राहू द्या. पिवळे दिवे आणि खिडकीतला उजेड एकत्र आला की रंग भरकटतात; तेवढ्यापुरता व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर धरून लावता येतो.

६. चित्रीकरण: थांबा, मग दाबा

नवशिक्याचा व्हिडिओ ओळखू येतो तो कॅमेऱ्याच्या अखंड भटकंतीवरून. उपाय कंटाळवाणा पण हमखास आहे: चौकट ठरवा, बटण दाबा, मनात दहापर्यंत मोजा, मग बंद करा. पुढचं दृश्य दुसऱ्या कोनातून. एक लांबून, एक मध्यम, एक चेहऱ्याचं जवळून, अशी तीन दृश्यं असली की प्रसंग सांगून होतो. कोणी बोलत असेल तर अर्थातच दहाला थांबू नका. वाक्य संपल्यावरही तीन-चार सेकंद चालू ठेवा. खरं हसू बहुतेक वेळा तिथेच येतं.

झूम रेकॉर्डिंगच्या आधी करा, चालू असताना नको. पूर्ण झूमवर हाताची बारीक हालचालही मोठी दिसते, तेव्हा कोपरं पोटाशी घ्या, भिंतीला टेका किंवा स्टँड वापरा. कॅमेरा स्टँडवर असताना स्थिरतेची सोय बंद केलेली चांगली, नाहीतर काही कॅमेऱ्यांत चित्र उगाचच सरकतं. कॅमेरा बाजूला फिरवायचाच असेल तर सावकाश. सीमॉस जातीचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे झटक्यात फिरवला की दाराची चौकट तिरकी दिसते.

मूल रांगतं असेल तर तुम्हीही जमिनीवर बसा. वरून घेतलेल्या चित्रात नुसती टाळू दिसते. खिडकी पाठीशी असलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. त्याला फिरवा, किंवा तुम्ही फिरा. थंड खोलीतून दमट उकाड्यात आलात तर कॅमेरा थोडा वेळ बंद पिशवीतच राहू द्या, म्हणजे लेन्सवर बाष्प धरणार नाही.

७. आवाज

झूम चित्र जवळ आणतं, आवाज नाही. माइक आणि बोलणारा यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा: जवळ जा. पंखा बंद करा, टीव्हीही.

घरातल्या मोठ्यांना बोलतं करणार असाल तर कपड्याला लावायचा छोटा माइक घ्या आणि तोंडापासून साधारण वीतभर खाली लावा. वायर आधी कॅमेऱ्याला, मग माइक माणसाला, आणि हेडफोन तुमच्या कानाला. कपड्याची सळसळ, सैल पिन, मोबाइलची खरखर हे पडद्यावर दिसत नाही, ऐकावंच लागतं.

ऑटोवर असलेला कॅमेरा शांततेत आवाजाची पातळी चढवतो आणि सूंऽऽ असा आवाज भरतो, तर मोठ्या आवाजात एकदम दाबतो. हाताने पातळी लावता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावा. सभागृहातल्या लाउडस्पीकरसमोर हे नक्की करा. बाहेर वारा असेल तर माइकवर केसाळ आवरण लागतं, फोमचं फार काळ टिकाव धरत नाही. मेनूतला ‘विंड कट’ खालच्या पट्टीतला आवाज कापतो. वारा नसताना तो बंद ठेवा, नाहीतर भारदस्त आवाजाची माणसंही किरटी वाटतात.

आणि कॅमेरा धरणाऱ्याने उगाच बोलू नये. माइकच्या सर्वांत जवळ तोच असतो. प्रश्न विचारा, मान हलवा आणि गप्प बसा. उत्तर संपलंसं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. त्या अवघडलेल्या शांततेनंतर माणसं बरेचदा खरी गोष्ट सांगायला लागतात. रेकॉर्डिंगला आधी त्यांची हरकत नाही ना, हे विचारायला मात्र विसरू नका.

८. उतरवून ठेवणं

एव्हीसीएचडी कॅमेऱ्यातून फक्त व्हिडिओच्या फाइली ओढून घेऊ नका, कार्डवरचं अख्खं फोल्डर कॉपी करा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीची असतात, तिथे ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. तुकडे सलग कसे जोडायचे याची नोंद त्याच फोल्डरात असते. ती गेली तर जोडावर आवाजाचा एखादा क्षण गळू शकतो.

फोल्डरचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, पुढे प्रसंग आणि माणसं. म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. प्रती तीन ठेवा: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, म्हणजे नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहा, आवाजासकट. मगच कार्ड फॉरमॅट करा, आणि तेही संगणकावर नको, कॅमेऱ्यातच.