लंडनजवळ छोटं विमान उडवताना या चुका टाळा

लंडनच्या उत्तरेला एल्स्ट्री नावाचा छोटा विमानतळ आहे, समुद्रसपाटीपासून ३३२ फुटांवर. त्याच्या डोक्यावर २,५०० फुटांपासून लंडन टीएमए, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यातलं नियंत्रित हवाई क्षेत्र, सुरू होतं. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. समजा, सर्किटसाठी (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांसाठी) अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, क्यूएफई लावला होता (हा हवेचा दाब लावला की काटा विमानतळापासूनची उंची दाखवतो) आणि बाहेर पडताना क्यूएनएच (हा लावला की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते) लावायचा राहून गेला. काटा २,२०० दाखवतोय. पायलट निवांत, वर अजून ३०० फूट आहेत म्हणून. प्रत्यक्षात विमान २,५३२ फुटांवर आहे, म्हणजे घुसखोरी झालेली आहे.

माझ्या मते ही सगळ्यात फसवी चूक, कारण आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही. क्यूएनएच लावलाय पण जुना आहे, तरी गत तीच. १००८ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) लावून निघालात आणि पुढच्या भागात १०१३ असेल, तर हेक्टोपास्कलला २७-३० फूट या हिशेबाने तुम्ही काट्यापेक्षा साधारण १४० फूट वर उडताय. म्हणून फ्रिक्वेन्सी बदलली की आधी क्यूएनएच घ्या आणि लावलेला आकडा मोठ्याने वाचा.

ब्रिटनमध्ये 'टेक टू' शिकवतात: हद्दीपासून आडवे २ नॉटिकल मैल, उभे २०० फूट राखा. जुन्या क्यूएनएचचे १४० फूट त्यात जिरतात. क्यूएफईचे ३३२ जिरत नाहीत.

दुसरी चूक रेडिओवरची. कंट्रोलर 'स्टँडबाय' म्हणाला, ती परवानगी नव्हे. स्क्वॉक (ट्रान्सपॉन्डर या रडारला ओळख देणाऱ्या यंत्रावर लावायचा चार आकडी कोड) मिळाला, बेसिक सर्व्हिस (फक्त माहिती-सल्ल्याची सेवा) मिळाली, तीही परवानगी नव्हे. आत जायला क्लिअरन्स (परवानगी) स्पष्ट शब्दांत मिळून तुमचा रीडबॅक (ती परत म्हणून दाखवणं) होईपर्यंत बाहेरच थांबा. कुठे घिरट्या घालायच्या ते जमिनीवरच ठरवलेलं असू द्या.

आत जायचंच नसेल, फक्त कडेने जायचं असेल, तर त्या भागाचा मॉनिटरिंग कोड (तुम्ही फ्रिक्वेन्सी ऐकताय हे कंट्रोलरला कळवणारा स्क्वॉक) लावून फ्रिक्वेन्सी ऐकत राहा. मात्र ती सोडताना ७००० या नेहमीच्या कोडवर परत या. नाहीतर कंट्रोलर हाका मारत राहतो आणि ऐकायला कोणी नसतं.

टॅब्लेटवरच्या नकाशाचा डेटा ताजा आहे ना आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचना) त्याच सकाळचे आहेत ना, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

एवढं करूनही घुसलातच, तर ट्रान्सपॉन्डर कृपा करून बंद करू नका. मोठ्या विमानांतली टीकास ही टक्कर टाळणारी यंत्रणा त्याच्याच भरवशावर तुम्हाला ओळखते, आणि त्या विमानांत माणसं बसलेली असतात. वर गेला असाल तर खाली या, बाजूने शिरला असाल तर बाहेर वळा आणि लगेच कंट्रोलरला सांगा. आपण कुठे आहोत हेच कळत नसेल, तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर लंडन सेंटरला विचारा. याचा सराव आधीच करता येतो: फ्रिक्वेन्सीवर कुणी अडचणीत नाही ना हे ऐकून घ्यायचं आणि 'ट्रेनिंग फिक्स', म्हणजे सरावापुरतं आपलं ठिकाण, मागायचा.