समृद्धीवरून खाली उतरा: वर्धा ते सिंदखेडराजा

समृद्धी महामार्गावरून विदर्भ दिसत नाही. रस्ता बराचसा भरावावरून जातो, दोन्हीकडे कुंपण, कारला 120 ची वेगमर्यादा. वावरं आणि गावं खालीच राहून जातात. काही पाहायचं तर इंटरचेंजवर उतरायलाच हवं. टोल धावलेल्या किलोमीटरवर कापला जातो, त्यामुळे मध्ये उतरून पुन्हा चढल्यास फारसा भुर्दंड बसत नाही. फास्टॅगमध्ये पैसे मात्र ठेवा. दुचाकी आणि ऑटोला या रस्त्यावर बंदी आहे. त्यांनी जुन्या रस्त्याने जावं.

आधी टायर पाहा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं बरेच जण सांगतात, ते उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, सलग वेगात ती तापते आणि टायर फुटतो. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्यावर असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर घेऊन या रस्त्यावर येऊ नका. सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून दीड तासाने थांबा. टाकी आणि पाण्याच्या बाटल्या निघतानाच भरून घ्या.

येळाकेळीला उतरलं की वर्धा. शहरापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. 1936 मध्ये गांधीजी इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आधी आदि निवास पाहा, मग बापू कुटी: माती, बांबू, कवेलू. कुटीत शिरताना चपला बाहेर काढा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. परतताना वर्ध्यात गोरसपाक बिस्किटं घ्या, ती प्रवासात चांगली टिकतात.

पुढे कारंजा लाड. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात गर्दी असते, पण जुनी जैन मंदिरंही चुकवू नका. जवळच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत. भल्या सकाळी गेलात तर दिसण्याची आशा.

वेळ एकाच ठिकाणी घालवायचा असेल तर तो लोणारला घालवा. मेहकरला उतरा, सुलतानपूरमार्गे साधारण 25 किलोमीटर. मेहकरमध्येच शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती आहे, ती जाता जाता होते. लोणारचं विवर उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. पाणी खारं, आणि पीएच दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी; 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

क्रम असा ठेवा: सकाळी लवकर गोमुखाच्या धारेजवळून विवर पाहा, ऊन तापायच्या आत खाली कमळजा देवीपर्यंत जाऊन या, मग गावात दैत्यसूदन मंदिर. उतरताना सोपं वाटतं, खरी दमछाक वर चढताना होते. खाली हॉटेल नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी आणि बंद बूट हवेतच. हे अभयारण्य आहे, दगड उचलून आणू नका. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर उतरूच नका.

शेवटी सिंदखेडराजा. जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा राजवाडा, लखुजींची भव्य समाधी आणि मोती तलाव यांना दोन तास पुरतात. 12 जानेवारीला जयंतीची अलोट गर्दी असते; निवांत पाहायचं असेल तर तो दिवस टाळा.

हंगाम दसऱ्यानंतरचा घ्या. पऱ्हाटी फुटलेली असते, तुरी फुलावर येतात. मात्र तेव्हा आतल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या आणि घरी परतणारी गुरं असतात, म्हणून दिवस मावळायच्या आत पुन्हा समृद्धीवर चढा.