इंदूरात कचऱ्याचं शुल्क कसं भरायचं आणि सहा कप्प्यांत काय टाकायचं

इंदूरात नवीन घर घेतलं असेल, भाड्याने आला असाल किंवा रामबाग, लोकमान्य नगरकडच्या जुन्या घराच्या भावाभावांत वाटण्या झाल्या असतील, तर पहिल्या वर्षी हा गोंधळ होतोच. कचऱ्याची गाडी तर रोज येते, मग शुल्क वेगळं कशाचं, कोणाच्या नावावर निघतं आणि भरायचं कुठे? म्हणून आधी पैशाचं सांगते, मग डब्यांचं.

संपत्ती कर, जलकर आणि कचऱ्याचं शुल्क ही तीन वेगळी खाती आहेत हे आधी डोक्यात पक्कं बसवा. संपत्ती कर भरला म्हणजे कचऱ्याचंही त्यात आलं असं समजून बरेच जण वर्षानुवर्षं निवांत राहतात आणि मग घर विकायच्या वेळी जुनी थकबाकी निघते. कचऱ्याचं शुल्क हे सेवेचं शुल्क आहे, २०१६ च्या घनकचरा नियमांनीच नगरपालिकांना ते घ्यायला सांगितलं होतं. दर सगळीकडे सारखा नाही, कुठल्या भागात राहता आणि जागेचा वापर काय यावर तो ठरतो. शेजारच्या कॉलनीतल्या मावशींचा आकडा ऐकून भांडायला जाऊ नका, आपल्या पत्त्यावर कुठला दर लागलाय तोच बघा.

झोन ऑफिसला, म्हणजे नगर निगमच्या आपल्या भागातल्या कार्यालयात, जायच्या आधी घरातली एखादी जुनी रसीद शोधून ठेवा, तिच्यावरच्या खाते नंबरने काम पटकन होतं. नसेल तर आपला वॉर्ड आणि झोन माहीत करून घ्या. शहरात ८५ वॉर्ड आहेत आणि चुकीच्या झोनवर गेलात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. काउंटरवर तिन्ही खात्यांचा हिशोब एकदमच काढायला सांगा. मग नाव बरोबर आहे का, पत्ता पूर्ण आहे का, वापर रहिवासी लिहिलाय की व्यावसायिक आणि एकाच घराची दोन खाती तर नाहीत ना, एवढं नीट बघून घ्या. खाली कधीकाळी किराणा दुकान होतं, ते बंद होऊन दहा वर्षं झाली तरी कागदावर दुकानच आहे, असं जुन्या घरांत खूप बघायला मिळतं. अशा वेळी तोंडी सांगून उपयोग नाही, लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या झेरॉक्सवर शिक्का घ्यायचा.

आपल्या मराठी घरांत अजून एक गोष्ट फार आढळते, खातं अजून आजोबांच्याच नावावर असतं. वर काका, खाली आपण, मागे भाडेकरू आणि रसीद एकच, मग कोण भरणार यावरून दर वर्षी रुसवेफुगवे. नामांतरण, म्हणजे खात्यावरचं नाव बदलून घ्या, मजले खरंच वेगळे झाले असतील तर खातीही वेगळी करायला अर्ज द्या आणि जुनी बाकी कोणी किती भरायची ते त्याआधी घरातच ठरवा. भाडेकरू असाल तर शुल्क घरमालक भरणार की तुम्ही हे करारात एका ओळीत लिहून घ्या, नुसतं बोलण्यावर राहू नका.

पैसे झोनवर भरा किंवा निगमच्या पोर्टलवर. घरी कोणी वसुलीला आलं तर ओळखपत्र बघा आणि छापील रसीद मिळणार असेल तरच पैसे द्या, कोऱ्या कागदावर सही करून दिलेलं काही घेऊ नका. मोबाईलवर आलेल्या अनोळखी लिंकवरून तर अजिबात भरू नका. नॅशनल लोक अदालतीच्या वेळी झोनवर कॅम्प लागतात, त्यात संपत्ती कर आणि जलकराच्या जुन्या बाकीवरच्या सरचार्जमध्ये सूट मिळते. बाकी मोठी असेल तर ती तारीख धरून जा आणि कचऱ्याच्या खात्याचंही तिथेच विचारा.

आता डबे. २०१६ च्या नियमांत तीनच प्रकार होते पण आपल्याकडे गाडीत सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा. घरात सहा डबे मांडायला जागा लागते म्हणून लोक घाबरतात पण रोज भरणारे तीनच असतात. घातक आणि ई-कचऱ्याला एकेक जुना डालड्याचा डबा पुरतो, महिन्यातून एकदा रिकामा केला तरी चालतं.

ओल्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या कारण तो कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. देवगुराडियाला बायो-सीएनजी प्लांट आहे, १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. आपल्या भाजीच्या देठांपासून तिथे गॅस बनतो आणि त्यावर शहरातल्या बस धावतात. तो गॅस जिवाणू बनवतात, प्लास्टिक त्यांना पचत नाही, म्हणून ओल्यात एक दुधाची पिशवी गेली तरी पुढे कोणाला तरी ती काढत बसावी लागते. सालं, देठ, चहाचा चोथा, उरलेलं अन्न, अंड्याची टरफलं हे सगळं थेट डब्यात टाका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कधीही देऊ नका, डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा तुकडा घातला की चिकटत नाही. पोहे खाल्लेला तेलकट कागद रद्दीत जात नाही, त्याने बाकीची चांगली रद्दी खराब होते. गणपतीचं निर्माल्य देताना हारातले दोरे, चमकी, प्लास्टिकची फुलं बसून काढून टाका, पाच मिनिटांचं काम आहे, मुलांना द्या.

प्लास्टिकमध्ये खरी मेहनत दुधाच्या पिशवीची. कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकताच ठेवायचा, कारण तो एवढासा तुकडा सुटा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही आणि नालीत जातो. पिशवी विसळून उलटी वाळवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि सुनेचं-सासूचं त्याच्यावरूनच होतं. शेवेची, चिप्सची चकचकीत पाकिटं पण प्लास्टिकच्याच कप्प्यात. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, कापड सुक्यात, फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून आणि गाडीवाल्या दादांना तोंडाने सांगून द्या.

सॅनिटरी पॅड आणि डायपर, म्हाताऱ्या माणसांचे असतील तेही, कागदात घट्ट गुंडाळून वर लाल पेनने खूण करा आणि वेगळे द्या. यात लाजायचं काही नाही, समोरच्या माणसाला ते उघड्या हाताने निवडायला लागू नये यासाठी आहे, आणि मला वाटतं सहा कप्प्यांतला हा सगळ्यात महत्त्वाचा कप्पा आहे. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि घातकमध्ये द्या. तारीख गेलेली औषधं, सीएफएल दिवे, रंगाचे डबे, झुरळांचा स्प्रे हेही घातकमध्येच. चार्जर, रिमोट, वायरी, बंद पडलेला मोबाईल ई-कचऱ्यात.

रद्दी, पितळ, लोखंड अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, विकलंत तरी काही बिघडत नाही, उलट चांगलंच, त्या मालाचा पुन्हा वापरच होतो. फक्त तो पत्रा-तांबं नेऊन बाकीचं कोपऱ्यावर टाकत नाही ना हे बघा. वापरता येतील असे कपडे, पुस्तकं, खेळणी आरआरआर सेंटरला, म्हणजे जुन्या वस्तू पुन्हा वापरासाठी घेणाऱ्या केंद्राला, द्या, धुऊन आणि घडी घालून. घरी मुंज, बारसं असेल तर डिस्पोजेबल प्लेटा आणण्याआधी भांडी बँकेत चौकशी करा, ताटं-वाट्या मिळतात आणि पाहुणेही नीट जेवतात.

घराचं काम काढलं की मलबा निघतो, तो रोजच्या गाडीत घेत नाहीत. निगमच्या ३११ या मोबाईल ॲपवरून किंवा झोनवर सांगून उचलायला लावा, त्याचे पैसे वेगळे लागतात, ठेकेदाराशी बोलतानाच ते हिशोबात धरा नाहीतर तो रात्री कुठल्या तरी नाल्याकाठी ओतून मोकळा होतो आणि चालान तुमच्या पत्त्यावर येतं.

गाडी चुकली तर डबा झाकून घरातच ठेवा, कोपऱ्यावर ठेवू नका, एकाने ठेवलं की संध्याकाळपर्यंत तिथे ढीग होतो. दोघंही नोकरीला जाणारे असाल तर शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, बदल्यात त्यांचं ऑनलाइन बिल भरून द्या. दोन-तीन दिवस गाडी आलीच नाही तर ३११ वर फोटो, गल्लीचं नाव आणि वेळ टाकून तक्रार करा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा, आणि काम न होताच तक्रार बंद दाखवली तर तोच नंबर घेऊन झोनवर जा.