अकरावीत गणित सोडायचंय? मग घरी असं बोल

पहिली युनिट टेस्ट झाली की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी दोघंतिघं घुटमळायला लागतात. एक जण दुसऱ्याला पुढे ढकलतो आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं: "सर, मॅथ्स सोडायचंय, पण घरी ऐकत नाहीत. तुम्ही बोला ना बाबांशी." ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतोय तेव्हापासून हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकतोय. मी आता कुणाच्या बाबांशी बोलत नाही. का, ते पुढे येईलच. तू कसं बोलायचंस ते मात्र सांगतो.

हे लिहितोय ते सायन्सला चारही विषय, म्हणजे पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), घेऊन बसलेल्या आणि ज्याचं मन बायोलॉजीच्या बाजूला पक्कं झालंय त्याच्यासाठी. उलट केस असेल, बायो सोडून इंजिनीअरिंगला जायचं असेल, तरी पद्धत हीच; फक्त बंद होणारे पर्याय बदलतील. शिवाय मग तुझं काम थोडं सोपं आहे. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पास होऊनही 'नीट'ला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसता येतं, ही मुभा वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये दिली आहे. आईच्या डोळ्यांपुढे डॉक्टर असेल तर एवढं एक वाक्य पुष्कळ काम करतं.

विषय सोडायचाय की सर?

हे आधी स्वतःशी मिटव. शिकवणं कळत नसेल तर शिकवणारा बदल, विषय नको. आठवडाभर दुसऱ्या कुणाकडून तोच धडा समजून घे. तरीही नकोच वाटलं तर पुढे वाच.

काय सुटतं आणि काय सुटत नाही

गणित सोडलं की गणित सुटत नाही. मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातला दुसराच धडा आहे 'मॅथेमॅटिकल मेथड्स'. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळं त्यात आहे, आणि पुढचं अर्धं पुस्तक त्यावर उभं आहे. कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे बोर्डाच्या पेपरात आकडेमोड लॉग टेबलनेच करायची. आणि विषयांची संख्याही कमी होत नाही. गणिताच्या जागी दुसरा विषय घ्यावा लागतो. बरीच मुलं भूगोल घेतात, कुणी मानसशास्त्र, कुणी आणखी एखादी भाषा. तुझ्या कॉलेजात काय मिळतं ते ऑफिसात विचारून ये. "एक विषय कमी होईल" असं घरी सांगून बसलास आणि नंतर भूगोलाचं पुस्तक आणायला पैसे मागितलेस, तर उरलेल्या दोन वर्षांत तुझा शब्द कुणी धरणार नाही.

कागद

आता खरी तयारी. मुलांना वाटतं, आईबाबा गणिताला चिकटून बसलेत. तसं नसतं. त्यांतल्या निम्म्यांना अकरावीच्या गणितात काय असतं ते माहीतही नसतं. ते चिकटलेले असतात एका शब्दाला: ऑप्शन. "ऑप्शन ओपन राहू दे ना. दोन्ही असलेलं काय वाईट?" त्यांच्या डोळ्यांपुढे एक लांबलचक व्हरांडा असतो आणि तुझ्या एका अर्जाने त्यातली नेमकी किती दारं बंद होणार, हे त्यांना माहीत नसतं. माहीत नसलं की माणूस सगळीच बंद होणार असं धरून चालतो.

म्हणून कोणती दारं बंद होतात ते तू लिहायचंस. स्वतःच्या हाताने, वहीच्या कागदावर. टाईप करून प्रिंट काढू नकोस. प्रिंट म्हटली की ती कुठल्या तरी क्लासच्या जाहिरातीसारखी दिसते.

डावीकडे बंद होणारी. राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, एमएचटी-सीईटीचा, पीसीएम गट आणि त्यावरचे इंजिनीअरिंगचे नेहमीचे प्रवेश. जेईई, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा. आर्किटेक्चर. मर्चंट नेव्ही. एनडीएतून नेव्ही आणि एअरफोर्स. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात, तेही लिही. आणि संशोधनाकडे जायची हौस असेल तर हे लपवू नकोस: आयसर या विज्ञान संशोधनाच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या चौघांचे 15-15 प्रश्न असतात. गणित सोडणाऱ्याला त्यातल्या 15 प्रश्नांवर पाणी सोडावं लागतं, नाहीतर ते घरी बसून करावे लागतात.

उजवीकडे उघडी राहणारी. नीट, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी. सीईटीचा पीसीबी गट: फार्मसी, ॲग्रीकल्चर. बायोचं कुठलंही बीएससी. एनडीएतून आर्मी, कारण तिथे कुठल्याही शाखेची बारावी चालते. त्याखाली दोन आकडे. नीटच्या 720 गुणांपैकी 360 एकट्या बायोलॉजीचे. सीईटीच्या पीसीबी गटात 200 पैकी 100 बायोलॉजीचे. गणिताला दोन्हीकडे शून्य.

आणि तळाला एक ओळ, जी जवळजवळ कुणीच लिहीत नाही. बारावी पास झाल्यावर एकटं गणित पुन्हा देता येतं. राज्य मंडळाच्या परीक्षेला 'तुरळक विषय' घेऊन बसणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. मुक्त विद्यालयातूनही सुटा विषय घेता येतो. थोडक्यात, दाराला कडी लागते, कुलूप नाही. बाबांना हे वाक्य तोंडी सांगू नकोस, कागदावर वाचू दे.

डावी बाजू आधी वाचून दाखवायची. यावर मुलं माझ्याशी वाद घालतात: "सर, आपणच तोट्याचं कशाला सांगायचं?" अरे, तू नाही सांगितलंस तर शेजारचे काका सांगतील, तेही फुगवून. बंद होणारी दारं तुझ्याच तोंडून आली की घरच्यांना पहिल्यांदा वाटतं, याने विचार केलाय. तोवर त्यांना तू फक्त कंटाळलेला दिसत असतोस.

बोलणं

इथे मी स्वतः आपटलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एक मुलगा रडकुंडीला आला, म्हणून संध्याकाळी मीच त्याच्या घरी गेलो. चहा झाला. मग मी अगदी मुद्देसूद पटवून दिलं, फळ्यावर शिकवावं तसं. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुम्ही त्याला शिकवा. त्याचं काय करायचं ते आम्ही बघतो." तो पोरगा दोन वर्षं गणितात बसला, विषय हवा होता म्हणून नाही, तर बाहेरच्या माणसाने घरात येऊन सांगितलं म्हणून. चूक त्या गृहस्थांची नव्हती. मुलाचं म्हणणं मुलाच्या तोंडून यायला हवं होतं आणि मी मध्ये जाऊन ते उष्टं केलं. तेव्हापासून मी जात नाही. पालकांनी आपणहून फोन केला तर तासभर बोलतो.

म्हणून पहिला नियम: वकील नेऊ नकोस. सर नको, मामा नको, मेडिकलला असलेली आतेबहीण तर मुळीच नको. ती आली की तुझा विषय बाजूला राहतो आणि तुलना सुरू होते.

दुसरा: "आधी आईला पटव" हा सल्ला सगळे देतात आणि तो वाईट आहे. आई पटते, मग ती रात्री बाबांना सांगते, आणि बाबांच्या कानावर येतं ते असं: तुमच्या मागे आमचं ठरलंय. मग विषय गणिताचा राहत नाही. दोघांना एकत्र बसव. आजी असेल तर तीही बसू दे. आजीचा फायदाच होतो, तिच्यासमोर आवाज चढत नाहीत.

तिसरा: "मला जमत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जमत नसलं तरी. त्या वाक्याला घरोघरी एकच उत्तर आहे: "मग क्लास लावू." जमत नाही म्हटलं की ती अडचण होते आणि अडचण सोडवणं हे आईबाबांना आपलं काम वाटतं. त्याऐवजी वेळेचं बोल. गणिताला आठवड्याचे किती तास जातात, कॉलेज, क्लास आणि गृहपाठ धरून, ते मोजून ठेव, आणि ते तास बायो आणि फिजिक्सला कसे जातील ते दाखव. फिजिक्सचं नाव मुद्दाम घे. बायोलॉजीवाल्या पोरांची नीट बहुतेक वेळा फिजिक्सवर अडते, हे मी माझ्या वर्गात बघतो.

आणि वेळ बघ. निकालाच्या दिवशी नको. युनिट टेस्टचा पेपर हातात घेऊन तर अजिबातच नको, ते पळ काढल्यासारखं दिसतं. मुद्दाम कमी मार्क पाडून "बघा, होतच नाही" म्हणणारेही भेटलेत मला. त्यांचं गणित सुटलं नाहीच, वर मोबाइलही गेला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र हे नीट केलं. तिने नंतर मला तो कागद आणून दाखवला, म्हणून सांगता येतंय. रविवारी सकाळी, बाबा ओट्यावर पेपर वाचून उठायच्या आत, तिने कागद पुढे ठेवला आणि डावी बाजू वाचून दाखवली. बाबा काही बोलले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी एनडीएच्या ओळीखाली रेघ मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मुलींना एनडीएत घेतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि आपली मुलगी विमान उडवेल असं कधीतरी मनात येऊन गेलं होतं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आर्मी राहते, बाबा. आणि मला चष्मा आहे." ते हसले. कागदावर निळ्या शाईतलं ते प्रश्नचिन्ह आणि त्यावर मारलेली काट अजून दिसते.

विषय सुटणं म्हणजे त्यांचंही काहीतरी सुटणं असतं. ते काय आहे ते तुला बोलण्याआधी कळणार नाही. म्हणून कागद दिल्यावर गप्प बस. पाच मिनिटं शांतता झाली तरी भरून काढू नकोस. पोरं इथेच घसरतात, बोलत सुटतात, आणि बाबांच्या मनातलं बाहेर यायच्या आधीच भांडण सुरू होतं.

फी

हे कुणी उघड बोलत नाही, पण निम्म्या घरांत खरी अडचण हीच असते. क्लासचं चारही विषयांचं पॅकेज भरून झालेलं असतं. बाबा "ऑप्शन ओपन" म्हणतात तेव्हा मनात भरलेल्या पैशांचा हिशोब चालू असतो, आणि पोराशी पैशाचं बोलणं त्यांना बरं वाटत नाही. तूच काढ. क्लासमध्ये आधी विचारून ये: गणिताची फी परत मिळते का, की पुढच्या हप्त्यातून वळती होते. काहीच मिळत नसेल तर तेही स्पष्ट सांग. "पैसे गेले ते गेले, त्यापायी वर्ष नको घालवायला" हे वाक्य मात्र तू बोलू नकोस. ते त्यांना सुचू दे.

नाहीच म्हणाले तर

तिथल्या तिथे उलट बोलू नकोस. सहामाहीपर्यंतची मुदत माग: तोवर गणित करतो, मन लावून करतो, मग पुन्हा बसू. पण मागण्याआधी ऑफिसात विचार, तुमच्याकडे विषय कधीपर्यंत बदलता येतो. तारीख सहामाहीच्या आधीची असेल तर मुदतही तेवढीच. या काळात गणिताचा एकही तास बुडवायचा नाही. एक जरी बुडवलास आणि घरी कळलं, तर कागद, दारं, सगळं फुकट. प्रामाणिकपणे केल्यावर काहींना विषय आवडायलाही लागतो. असे दोघं माझ्याकडे होते. दोघंही इंजिनीअर झाले आणि दोघांचीही माझ्यावर खुन्नस नाही.

अर्ज

प्राचार्यांच्या नावे विषय बदलाचा अर्ज, पालकांची सही. बारावीचा फॉर्म भरेपर्यंत थांबू नकोस, अकरावीतच उरक. अर्जाची झेरॉक्स घरी ठेव आणि पोच घे. क्लार्क बदलला की जुना अर्ज सापडत नाही.

गणिताची पुस्तकं खालच्या वर्गातल्या कुणाला दे. लॉग टेबलचं पुस्तक मात्र देऊ नकोस. ते फिजिक्सच्या पेपरला लागणार आहे, आणि त्या दिवशी मी जादा आणत नाही.