कैरोत जुनी मशीद बघायची तर आधी किब्ला शोधा

लेकीच्या नोकरीमुळे मी कैरोत दोन हिवाळे काढले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे वही-पेन्सिल घेऊन मशिदींमधून हिंडत राहिले. आता ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की मी एकच सांगते: दिवसाला दहा मशिदी उरकू नका, तीनच बघा, आणि प्रत्येक ठिकाणी आधी किब्ला शोधा.

किब्ला म्हणजे मक्केची दिशा. आपल्याकडे ती पश्चिमेला, कैरोत मात्र आग्नेयेला. नमाजाच्या भिंतीतला कमानदार कोनाडा, मिहराब, तीच दिशा दाखवतो. जुन्या शहरातले रस्ते या दिशेशी जुळत नाहीत. रस्ता एकीकडे, किब्ला दुसरीकडे. हा तिढा प्रत्येक काळातल्या गवंड्यांनी कसा सोडवला, ते बघायला लागलात की दगड बोलायला लागतात.

सकाळी लवकर बाब अल-फुतूह या वेशीपासून अल-मुइझ रस्त्याला लागा. शुक्रवारची दुपार टाळा. सहज काढता येतील अशा चपला घाला, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवावी, खांदे-गुडघे झाकलेले असावेत. बक्षिशीसाठी सुट्या नोटा वेगळ्या खिशात हव्यात.

वेशीला लागूनच अल-हाकिमची मशीद आहे. काम ९९० मध्ये सुरू होऊन १०१३ मध्ये पुरं झालं. पुढे ती पार मोडकळीला आली होती. १९८० मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला तो दाऊदी बोहरा समाजाकडून, ज्यांचं मुख्य केंद्र आपल्या मुंबईत आहे. पांढऱ्या संगमरवराचं अंगण चकचकीत दिसतं. जुनेपणा हरवला असं म्हणणारे आहेत. मला मात्र माणसांनी भरलेली मशीद पडक्या मशिदीपेक्षा कधीही बरी वाटते.

खरा वेळ द्या तो पुढच्या अल-अकमरला. ११२५ मधली ही लहानशी मशीद. आधी समोरच्या बाजूला उभं राहून दर्शनी भिंत बघा: दारावर शिंपल्यासारख्या पन्हळी, मधोमध जाळीदार वर्तुळ, त्यात मुहम्मद आणि अली ही नावं. भिंत रस्त्याला अगदी समांतर आहे. आता आत जा आणि अंगणात उभं राहून मागे बघा. अंगण रस्त्याशी तिरकं आहे! दर्शनी भिंत रस्त्याचं ऐकते, अंगण किब्ल्याचं, आणि दोघांमधला फरक पाचरीसारख्या जाड होत जाणाऱ्या भिंतीत जिरवलाय. मी वहीत आराखडा काढला तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं. तुम्हीही काढा, चार रेघा पुरतात.

वाटेत अब्द अल-रहमान कतखुदाची सबील लागेल, १७४४ ची. खाली वाटसरूंना पाणी, वर पोरांची कुराण शिकण्याची शाळा. मोहरममधली सबील आपल्याकडे ठाऊक असते, तोच हा शब्द. सुलतान कलावूनच्या वास्तूत (१२८४-८५) मदरसा आणि कबरीबरोबर दवाखानाही होता. शेजारच्या अल-नासिरच्या मदरशाचं दार जरूर बघा. निमुळत्या कमानीचं ते दार भूमध्य समुद्राकाठच्या अक्का शहरातल्या ख्रिस्ती चर्चचं, १२९१ मध्ये क्रुसेडरांकडून ते शहर जिंकल्यावर उचलून आणलेलं.

दुपारनंतर टॅक्सीने सुलतान हसनच्या मशिदीला जा. बांधकाम १३५६ मध्ये सुरू झालं. दार सुमारे ३८ मीटर उंच, मान दुखेपर्यंत बघा. मग आतल्या अंधाऱ्या, वळणाच्या बोळातून सावकाश चाला. इथे तिढा भिंतीने नाही, वळणाने सोडवलाय. रस्त्यावरचा गोंगाट मागे राहतो आणि एकदम उजेडाचं अंगण समोर येतं. चार बाजूंना चार प्रचंड कमानी, सुन्नी कायद्याच्या चार परंपरांच्या शिक्षणासाठी. सर्वांत मोठ्या कमानीखाली भिंतीला टेकून बसा. वरून लोंबणाऱ्या दिव्यांच्या साखळ्या मोजायला मला फार आवडायचं.

दुसरी सकाळ इब्न तुलूनच्या मशिदीसाठी राखा, ८७९ मध्ये पुरी झालेली. इथे तिढाच नाही, कारण मशिदीभोवती मोकळी आवारं सोडून शहर दूर ठेवलंय. विटांचे जाड खांब, वर गिलावा, आणि वरच्या ओळीत १२८ खिडक्या. गिलाव्याच्या जाळ्यांचे नमुने बदलत जातात. काही जाळ्या नंतरच्या काळातल्या आहेत. ऊन वर चढलं की त्यांची नक्षी चटईवर सरकते. पायमोजे घालून जा, फरशी थंडगार असते, आणि एक जाळी निवडून ती नीट उतरवून घ्या. एकेकीला मला तासभर लागायचा.