मालकी रान राखताना: आधी सातबारा, मग कोयता

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड किंवा गगनबावडा तालुक्यात ज्यांचे डोंगरउतारावर मालकीचे रान आहे, त्यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलणी करण्यापूर्वी सातबारा काढून त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. तेथे ‘खाजगी वन’ अशी किंवा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५ ची (खाजगी वनांवरील नियंत्रणाची) नोंद असल्यास प्रश्न झाडांच्या आधी जमिनीच्या मालकीचा ठरतो, कारण महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार अशी वने ३० ऑगस्ट १९७५ रोजी शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी शासनाकडे गेली. जमीन परत मिळण्याची तरतूद कलम २२-अ मध्ये असून ती १२ हेक्टरांच्या मर्यादेत आहे. तसा आदेश हाती नसेल, तर झाडाला हात लावू नये.

नोंद निर्वेध असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस अशा झाडांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि माल हलवताना वाहतूक परवान्याची गरज वन कार्यालयात आधीच विचारून घ्यावी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ मालकीवर अवलंबून ठेवलेला नाही, म्हणजे मालकीचे रानही ‘वन’ ठरू शकते, त्यामुळे रान साफ करून काजू लावण्याचा बेत वन विभागाला विचारल्याशिवाय आखू नये.

तोड करायचीच असेल, तर सगळा उतार एकदम मोकळा करणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आपल्याकडचा मुसळधार पाऊस उघड्या उताराची माती एकाच हंगामात ओढ्यात नेतो. तोडायचे झाड आधी खुणेने निवडावे, चांगले बी धरणारी मोठी झाडे जागोजाग राखावीत, ओढ्याकाठची व ढोलीची झाडे सोडावीत आणि बुंधा जमिनीलगत तिरका कापावा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही व ऐन, किंजळासारख्या झाडांना धुमारे फुटतात. त्या धुमाऱ्यांत गुरे शिरू देऊ नयेत.

दिवाळीनंतर गवत वाळू लागले की हद्दीने जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढावी. गवत चांगले यावे म्हणून उतार पेटवण्याची प्रथा आपल्या भागात अजून आहे आणि तिने मरणारी रोपे कोणी मोजत नाही, याचे फार वाईट वाटते. रानमोडी आणि घाणेरी ही रानात पसरणारी तणे फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावीत. कोयत्याने छाटल्यास ती पुन्हा फुटतात.