वाफ्याला काँक्रीटची कड घालताना

कड ओतायच्या आधी वाफ्यात नळी सोडा आणि पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा. अखंड कड म्हणजे बांधच. उताराकडे वाट ठेवली नाही तर पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. मी त्या बाजूला ओततानाच तळाशी अर्धा इंची पाइपाचे तुकडे घालते. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, हे येत नाही.

वळण आखायला उन्हात तापलेली नळीच जमिनीवर टाकावी, हवी तशी वळते. तिच्या कडेनं फक्की मारा. वाटेत झाडाचं जाड मूळ लागलं तर मूळ तोडू नका, रेघ वळवा.

चर 15 सेंमी रुंद, 10 सेंमी खोल. हरळी मुळासकट उपटा. तुकडा राहिला तरी ती कडेखालून पलीकडे निघते. तळाला 5 सेंमी मुरूम भिजवून धुमसून घ्या आणि फर्मा, म्हणजे माल धरून ठेवणाऱ्या फळ्या, लावा. वळणावर पातळ प्लाय चालतं.

माल एक भाग सिमेंटला दोन वाळू, तीन बारीक खडी. पाणी बेतानं: मुठीत दाबलं की गोळा राहावा, बोटांतून पाणी गळू नये. रंग हवा असेल तर आयर्न ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत, तेही कोरड्या सिमेंटमध्येच कालवून. प्रत्येक घाण्याला माप तेच ठेवा, नाहीतर कड पट्ट्यापट्ट्यांची दिसते.

सुकताना काँक्रीट आकसतं, भेग पडणारच. म्हणून दर 60 सेंमीवर थापीनं उंचीच्या पाव ते तिसरा हिस्सा खोल चीर द्या. भेग तिथेच लपते.

नक्षीसाठी विकतच्या साच्यापेक्षा मला पानं आवडतात. वरचं पाणी ओसरलं, बोटाचा ठसा उमटतो पण माल चिकटत नाही, की शिरांची बाजू खाली ठेवून पान थापीनं हलकेच दाबायचं. देठाकडून सावकाश उचललं की बारीकसारीक शिराही उमटलेल्या दिसतात.

पुढे 7 दिवस ओलं गोणपाट. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी जाळतं. घमेली धुतलेलं पाणी वाफ्यात ओतू नका. ते अल्कधर्मी असतं, गार्डेनिया, अझालियाची पानं पिवळी पडतात. माती कडेच्या माथ्याच्या दोन बोटं खालीच भरा, म्हणजे पावसात वाहून जात नाही.